लोखंड आधी, लेबल नंतर : घरी बांधायच्या व्हॉल्व्ह गिटार ॲम्पचे सुटे भाग

फेंडर या अमेरिकी कंपनीच्या ‘चॅम्प’ ॲम्प्लिफायरचा १९५० च्या दशकातला ५एफ१ हा आराखडा वहीच्या एका पानावर मावतो. त्यात तीनच व्हॉल्व्ह आहेत : प्रीॲम्पचा १२एएक्स७, पॉवरचा ६व्ही६ आणि रेक्टिफायरचा ५वाय३. त्यांच्या जोडीला डझनभर रेझिस्टन्स, बोटांवर मोजता येतील एवढे कपॅसिटर, दोन ट्रान्सफॉर्मर, आवाजाचा एक कंट्रोल आणि आठ इंची स्पीकर. एवढ्यातून जेमतेम पाच वॅट मिळतात. तरीही घरी व्हॉल्व्ह ॲम्प बांधू पाहणारा माणूस, मग तो पुण्यातला असो की टोरांटोतला, बहुतेक वेळा याच आराखड्यापाशी येऊन थांबतो आणि मग खरा प्रश्न सुरू होतो : एवढेच भाग, पण ते घ्यायचे कोणते?

या प्रश्नावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, भाग हुबेहूब त्या काळचे हवेत. कार्बन कॉम्पोझिशनचे रेझिस्टन्स, जुन्या साठ्यातले व्हॉल्व्ह, कापडी वेष्टणाची तार, सगळे तसेच. दुसरा तट म्हणतो, मीटर आणि ऑसिलोस्कोप जे दाखवतात तेवढेच खरे, बाकी श्रद्धा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघांचेही बरेचसे भांडण अशा भागांवरून चालते ज्यांचा आवाजावर सर्वांत कमी परिणाम होतो. ॲम्पचा स्वभाव मुख्यतः आराखडा, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर ठरवतात. म्हणून पैसा आणि काळजी त्याच क्रमाने खर्च करावी. प्रत्येक भागावर छापलेले नाव वाचण्याआधी त्याची क्षमता वाचावी. या लेखात एकेक भाग याच नजरेने पाहू.

आराखडा ठरल्याशिवाय खरेदी नको

नवख्यांची चूक इथेच होते. कुठेतरी ईएल३४ व्हॉल्व्हची जोडी चांगल्या भावात दिसली म्हणून घेतली, आणि मग तिला शोभेल असे सर्किट शोधत बसले. क्रम उलटा हवा. पाच वॅटचा चॅम्प एकाच पॉवर व्हॉल्व्हवर चालतो. त्यात बायस (व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह) जुळवावा लागत नाही, व्हॉल्व्हची जोडी जुळवून घ्यावी लागत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे फेंडरचाच ५ई३ डीलक्स : दोन ६व्ही६, पुश-पुल (आळीपाळीने काम करणारी) रचना, बारा-पंधरा वॅट. ब्रिटिश आवाज हवा असेल, तर १९५८ च्या व्हॉक्स एसी१५ चा मार्ग आहे. त्यात दोन ईएल८४ असतात. लिओ फेंडरच्या बासमन ५एफ६-ए वरून १९६२ मध्ये लंडनमधल्या हॅनवेल इथल्या जिम मार्शलच्या दुकानात जेटीएम४५ तयार झाला आणि रॉक संगीताचा आवाज बदलला. पण तो ताकदीचा आणि जास्त व्होल्टेजचा ॲम्प आहे. पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाच वॅट म्हणजे कमी, हा समजही सोडून द्यावा. फ्लॅटच्या खोलीत पाच वॅटचा ॲम्प पूर्ण उघडला, तर शेजारी दार वाजवतील.

ट्रान्सफॉर्मर : इथे कंजुषी नको

जाणकार ट्रान्सफॉर्मरला नुसते ‘लोखंड’ म्हणतात. ॲम्पमधली सर्वांत जड, सर्वांत महाग आणि चुकली तर बदलायला सर्वांत अवघड वस्तू हीच.

पॉवर ट्रान्सफॉर्मर निवडताना भारतातल्या बांधणाऱ्याने पहिली गोष्ट पाहावी ती प्रायमरी, म्हणजे विजेकडचे वाइंडिंग. अमेरिकेत मिळणारे पुष्कळ ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठीच बनवलेले असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन लावून व्होल्टेज उतरवता येते, पण फ्रीक्वेन्सी बदलत नाही. ५० हर्ट्झवर त्याच गाभ्यातले चुंबकीय प्रवाहाचे प्रमाण वीस टक्क्यांनी वाढते आणि काटकसरीने बनवलेला ट्रान्सफॉर्मर तापतो, गुरगुरतो. म्हणून ५० हर्ट्झचा उल्लेख आणि २३० किंवा २४० व्होल्टचा टॅप असलेलाच नग घ्यावा.

दुसरे, वीज कायम २३० वर राहत नाही. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी २२० ची असेल आणि रात्री घरात २४५ व्होल्ट येत असतील, तर व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात. हे सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या दहा टक्क्यांच्या बाहेर आहे आणि व्हॉल्व्हचे आयुष्य त्यातच संपते. आपल्या घरातले व्होल्टेज आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मोजून मगच टॅप ठरवावा.

चॅम्पसाठी लागणाऱ्या वाइंडिंगचा हिशेब सोपा आहे. हाय व्होल्टेजसाठी ३२५-०-३२५, सुमारे ८० मिलिॲम्पिअर. हीटरसाठी १२एएक्स७ ला ०.३ ॲम्पिअर आणि ६व्ही६ ला ०.४५, मिळून पाऊण ॲम्पिअर, तिथे ६.३ व्होल्ट, २ ॲम्पिअरचे वाइंडिंग मागावे, म्हणजे ते गार राहते. ५वाय३ साठी वेगळे ५ व्होल्ट, २ ॲम्पिअर. आपल्याकडे मागणीप्रमाणे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर अजून आहेत, आणि हा मोठा आधार आहे. त्यांच्याकडे जाताना हे सगळे आकडे कागदावर लिहून न्यावेत. ‘गिटारच्या ॲम्पसाठी एक द्या’ असे सांगून चालत नाही. प्रायमरी आणि सेकंडरीमधले इन्सुलेशन तपासून द्यायला सांगावे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गोष्ट वेगळी. व्हॉल्व्हला हजारो ओमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो चार किंवा आठ ओमचा. यांची गाठ घालून देणे हे त्याचे काम. ५००० ओमला ८ ओमशी जोडायचे, तर वेढ्यांचे प्रमाण २५ ला १ पडते. ६व्ही६ च्या डेटाशीटमध्ये २५० व्होल्टला ५००० ओम भारावर साडेचार वॅट आणि ३१५ व्होल्टला ८५०० ओम भारावर साडेपाच वॅट दिलेले आहेत. म्हणजे या दोन आकड्यांच्या दरम्यानचा कोणताही भार चालतो. मात्र एक अट मोडू नये. एकाच व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये प्रायमरीतून सतत चाळीसेक मिलिॲम्पिअर डीसी वाहते, त्यामुळे गाभ्यात हवेची फट सोडलेली असावीच लागते. पुश-पुलचा ट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळाला म्हणून इथे लावला, तर गाभा संपृक्त होतो आणि खर्जाचे स्वर गळून जातात.

स्पीकर : स्वस्तात मिळणारे वॅट

दोन स्पीकर समोर ठेवा. एकाची संवेदनशीलता ९० डेसिबल, दुसऱ्याची १००. हा दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वॅट. दुसऱ्या स्पीकरवर पाच वॅट जेवढे वाजतात, तेवढे वाजवायला पहिल्याला पन्नास लागतील. हे एकदा ध्यानात आले, की ॲम्प मोठा करण्याऐवजी स्पीकर चांगला घेण्याचे शहाणपण सुचते.

गिटारचा स्पीकर म्हणजे घरातल्या म्युझिक सिस्टिमचा वूफर नव्हे. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो मुद्दामच मंदावतो, आणि त्यामुळेच व्हॉल्व्हच्या विकृतीतला कर्कश भाग गाळला जातो. हायफाय स्पीकर लावून ‘आवाज चरचरीत येतो’ अशी तक्रार करणाऱ्यांनी व्हॉल्व्ह बदलत बसू नये, स्पीकर बदलावा. सेलेस्चन, जेन्सन, एमिनन्स ही या क्षेत्रातली प्रस्थापित नावे. आठऐवजी दहा किंवा बारा इंची स्पीकर मोठ्या खोक्यात बसवला, तर तोच चॅम्प अनोळखी वाटावा इतका भरदार होतो. स्पीकरची क्षमता ॲम्पच्या किमान दुप्पट धरावी आणि त्याचे ओम आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅपशी जुळवावेत.

व्हॉल्व्ह : नाव एक, कारखाना दुसरा

व्हॉल्व्हवर सर्वांत जास्त लिहिले जाते आणि सर्वांत जास्त पैसाही वाया जातो. आज नव्या व्हॉल्व्हचे उत्पादन मुख्यतः तीन ठिकाणी होते : स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीत, रशियातल्या सारातोवमध्ये आणि चीनमध्ये. सारातोवच्या एकाच कारखान्यातून टुंग-सोल, मुलार्ड, सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स अशी वेगवेगळी नावे छापलेले व्हॉल्व्ह बाहेर पडतात. जुना मुलार्ड इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नमध्ये बनत असे. आजच्या मुलार्डचा त्याच्याशी संबंध नावापुरता. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभर व्हॉल्व्हची टंचाई झाली आणि भाव चढले. तीनच ठिकाणांवर अवलंबून असलेला बाजार किती नाजूक आहे, हे त्या वेळी दिसले. म्हणून सहज मिळणाऱ्या जातीच्या व्हॉल्व्हभोवतीच ॲम्प आखावा. दुर्मीळ व्हॉल्व्हचा ॲम्प पुढे शोभेची वस्तू होतो.

आपल्याकडेही व्हॉल्व्ह बनत होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे बेलचे, ईसीसी८३ आणि ईएल८४ आजही जुन्या रेडिओंमध्ये आणि दुकानांच्या माळ्यांवर सापडतात. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. युरोपीय नावांचा संकेत समजून घेतला, तर जुना माल ओळखणे सोपे जाते : पहिले अक्षर ई म्हणजे हीटर ६.३ व्होल्टचा, सीसी म्हणजे दोन ट्रायोड एकाच काचेत, एल म्हणजे पॉवर पेंटोड.

प्रीॲम्पच्या जागी १२एएक्स७ चा वर्धनांक १००, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा चाळीसच्या थोडा वर आणि १२एयू७ चा वीसच्या खाली. हे चारही व्हॉल्व्ह सारख्याच पायांचे आहेत. आवाज लवकर फाटतो असे वाटले, तर १२एएक्स७ काढून १२एवाय७ लावून पाहावा. एका व्हॉल्व्हच्या किमतीत मिळणारा हा बदल कोणत्याही महागड्या कपॅसिटरपेक्षा स्पष्ट ऐकू येतो. पॉवर व्हॉल्व्हबाबत मर्यादा पाळावी. ६व्ही६ ची प्लेट १२ वॅट सहन करते. कॅथोडच्या ४७० ओमवर १९ व्होल्ट मोजले, तर प्रवाह ४० मिलिॲम्पिअर होतो. प्लेट आणि कॅथोडमध्ये ३२० व्होल्ट असतील, तर गुणाकार बाराच्या वर जातो. असे आढळले, तर कॅथोडचा रेझिस्टन्स थोडा वाढवावा.

रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह हवा की सिलिकॉन डायोड, हाही जुना वाद. जोरात तार छेडली की व्होल्टेज क्षणभर बसते आणि स्वर दबून पुन्हा फुलतो, हे व्हॉल्व्ह रेक्टिफायरचे वैशिष्ट्य सांगतात. मोठ्या पुश-पुल ॲम्पमध्ये ते खरे आहे. चॅम्पसारख्या ॲम्पमध्ये प्रवाह जवळपास स्थिर असल्याने त्याचा प्रभाव अगदी थोडा पडतो. डायोड वापरायचे ठरवले, तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. व्होल्टेज वाढेल, म्हणून वाइंडिंग कमी व्होल्टचे घ्यावे. आणि ३२५-०-३२५ वर प्रत्येक बाजूला नऊशेहून अधिक व्होल्टचा उलटा दाब येतो, म्हणून हजार व्होल्टचा १एन४००७ एकटा न लावता दोन एकामागे एक जोडावेत.

कपॅसिटर आणि रेझिस्टन्स : क्षमता वाचा

जुने मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात, त्याच्या निवडीत व्होल्टेज हा पहिला निकष. ३२५ व्होल्ट एसीचे शिखर ४६० व्होल्ट असते. ५वाय३ चटकन तापतो, ६व्ही६ सावकाश. त्यामुळे सुरुवातीच्या काही सेकंदांत कोणताच भार नसतो आणि फिल्टर कपॅसिटरवर जवळपास पूर्ण ४६० व्होल्ट येतात. वीज चढलेली असेल, तर ४९०. मूळ आराखड्यात ४५० व्होल्टचे कपॅसिटर दिसतात, म्हणून तेच घेणे हा इतिहासाचा आदर झाला, सुरक्षितता नाही. ५०० व्होल्टचे, १०५ अंश सेल्सियसचे, नव्याने बनलेले घ्यावेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुना कधीच घेऊ नये, पडून राहिला तरी तो आतून सुकतो. पहिल्या कपॅसिटरची किंमत मनाने वाढवू नये. प्रत्येक रेक्टिफायर व्हॉल्व्हला तिची कमाल मर्यादा असते. जीझेड३४ ला ती ६० मायक्रोफॅरड आहे, ५वाय३ ला बरीच कमी.

दोन टप्प्यांमधल्या कपलिंग कपॅसिटरसाठी ६३० व्होल्टचा साधा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्म पुरतो. त्याच्या नावापेक्षा त्याचे मूल्य आवाज ठरवते. ०.०२२ मायक्रोफॅरड आणि २२० किलोओम यांची जोडी सुमारे ३३ हर्ट्झच्या खालचे स्वर कापते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, म्हणजे खर्ज सगळा शाबूत राहतो. तिथे ०.००४७ लावला, तर खर्ज पातळ होऊन आवाज मोकळा होतो. एकाच मूल्याच्या दोन निरोगी फिल्म कपॅसिटरांतला फरक डोळे बांधून ओळखून दाखवणे फार अवघड आहे. तीन-चार रुपयांपासून हजारांपर्यंत भाव असलेल्या या वस्तूवर पैसे खर्चण्यापेक्षा वेगवेगळी मूल्ये आणून लावून बघण्यात जास्त मजा आणि जास्त शिक्षण आहे.

रेझिस्टन्सबाबत माझे मत स्पष्ट आहे : मेटल फिल्म. कार्बन कॉम्पोझिशनच्या रेझिस्टन्समध्ये खरखर जास्त, ओलाव्याने मूल्य सरकते. कोकणात किंवा मुंबईत चार महिन्यांच्या पावसाळ्यात हा दोष मुळीच किरकोळ नाही. रेझिस्टन्स निवडताना वॅट सगळे पाहतात, व्होल्टेज कोणी पाहत नाही. प्लेटच्या १०० किलोओममधून एक मिलिॲम्पिअर वाहतो, म्हणजे उष्णता दशांश वॅट. पण छोट्या रेझिस्टन्सची व्होल्टेज सहन करण्याची मर्यादा २५० च्या आसपास असू शकते. म्हणून तिथे एक वॅटचा मोठा नग घ्यावा. ६व्ही६ च्या कॅथोडवरचा ४७० ओम पाऊण वॅट जाळतो. तिथे पाच वॅटचा वायरवाउंड बसवून निश्चिंत व्हावे.

पत्रा, पाटी आणि जुना रेडिओ

चासी दीड-दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची घ्यावी. घरच्या ड्रिलने भोके पडतात, गंजत नाही. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी काटकोनात ठेवावेत, नाहीतर एकाची घूं दुसऱ्यात शिरते. भाग जोडायची पाटी ग्लास-इपॉक्सीची असावी. फेंडरने वापरलेली काळी फायबरची पाटी जुनी झाल्यावर ओलावा धरते आणि नको तिथून वीज वाहू देते. ती दिसते सुंदर, पण आपल्या हवेला मानवत नाही. व्हॉल्व्हचे सॉकेट आणि इनपुटचा जॅक मात्र उत्तम प्रतीचे घ्यावेत, कारण घासणारे-ताणले जाणारे भाग आधी दगा देतात. आवाजाचा कंट्रोल १ मेगओमचा आणि लॉगरिदमिक असावा, म्हणजे आवाज एकसारखा वाढत जातो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातला पासोड्या विठोबाच्या आसपासचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार इथे यातले बहुतेक साधे भाग हातात घेऊन, मोजून घेता येतात. जुन्या रेडिओतून भाग काढणाऱ्यांनी एक नियम पाळावा : व्हॉल्व्ह, सॉकेट आणि तपासलेले ट्रान्सफॉर्मर घ्यावेत, मेणाचे आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फेकून द्यावेत. ईएल८४ वाल्या रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर एका व्हॉल्व्हच्या ॲम्पला नेमका बसतो, कारण त्या व्हॉल्व्हचा भार ५२०० ओमच्या घरातला. मात्र ज्या रेडिओतल्या व्हॉल्व्हची नावे यू अक्षराने सुरू होतात, त्यात बहुतेक वेळा पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो आणि त्याची चासी थेट विजेशी जोडलेली असू शकते. असल्या रेडिओचा गिटार ॲम्प कधीही करू नये. गिटारच्या तारा केबलमधून चासीला जोडलेल्या असतात आणि बोटे त्या तारांवर असतात.

जिवाशी गाठ

सुरक्षिततेचे भाग यादीत शेवटी येतात, खरेदीत पहिले यायला हवेत. तीन पिनांचा इनलेट, अर्थिंगची तार चासीला स्वतंत्र बोल्टने घट्ट, फेजवर आधी फ्यूज आणि मग स्विच, पाचशे मिलिॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. जुन्या अमेरिकी आराखड्यांत मेन्स आणि चासी यांच्यामध्ये एक कपॅसिटर दिसतो. तो वगळावा, बिघडला की तो चासीलाच वीज देतो. फिल्टर कपॅसिटरवर २२० किलोओम, दोन वॅटचा ब्लीडर रेझिस्टन्स लावावा, म्हणजे स्विच बंद केल्यावर मिनिटभरात साठलेली वीज उतरते. तरी हात घालण्याआधी मीटरने मोजावे, प्रत्येक वेळी. पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बल्ब लावावा. कुठे शॉर्ट असेल, तर ट्रान्सफॉर्मर जळण्याऐवजी बल्ब लख्ख पेटतो. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यात जळू शकतो. आणि घराचे अर्थिंग खरोखर आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तिसरे भोक पुष्कळदा नुसते शोभेचे असते.

कौल

सगळे एकत्र करून सांगायचे, तर बजेटचा निम्म्याहून अधिक भाग दोन ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवर खर्च करावा. फ्यूज आणि अर्थिंग तर आधीच. त्यानंतर सॉकेट, जॅक. मग चालू उत्पादनातले साधे नवे व्हॉल्व्ह. कपॅसिटर आणि रेझिस्टन्स शेवटी, क्षमता दुप्पट तपासून आणि नावाकडे न पाहता. जुन्या साठ्यातले व्हॉल्व्ह आणि महागडे कपॅसिटर ॲम्प वर्षभर वाजल्यावर, कान तयार झाल्यावर, वाटल्यास घ्यावेत. बहुतेकांना तोपर्यंत त्यांची गरज उरत नाही.

आपल्या हाताने बांधलेला ॲम्प पहिल्यांदा तापतो, व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड दिसतो आणि तार छेडल्यावर स्वर येतो, तेव्हा त्यातला प्रत्येक भाग का निवडला हे आपल्याला माहीत असते. विकत घेतलेल्या ॲम्पमध्ये ही गोष्ट मिळत नाही. म्हणून वाचकांना एकच विनंती. यादी घेऊन बाजारात जाण्याआधी ६व्ही६ आणि १२एएक्स७ ची डेटाशीट एकदा नीट वाचा, आणि विजेची भीती बाळगून काम करा.